कपाटातली टिटवी

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला चोर कुठल्या ठाण्याला पकडला, हे माझ्यापेक्षा बायकोला जास्त आठवतं. पण वाशीतल्या त्या कचेरीचं प्रकरण विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. मागच्या दिवाळीत मुलाने घरातले फोटो ठेवायला दोन हार्ड डिस्क आणल्या. म्हणाला, "बाबा, एकीवर टाकलं की दुसरीवर आपोआप जातं. आता टेन्शन नाही." मी म्हणालो, "आपोआप पुसलंही जातं, हे दुकानदाराने सांगितलं का?" तो बघतच राहिला. ज्या माणसाला मोबाइलवरून फोटो पाठवायला नातीची मदत लागते, त्याला हे कुठून कळलं, असा त्याचा चेहरा होता. मला ते एका मेलेल्या माणसाकडून कळलं होतं.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी तेव्हा उपनिरीक्षक होतो. न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं करून माल सोडवून देणाऱ्या कंपन्यांच्या कचेऱ्या वाशीत बऱ्याच झाल्या होत्या. अशाच एका कचेरीत संगणक सांभाळणारा पस्तिशीचा एक गृहस्थ बुधवारी संध्याकाळी घरी परतला नाही. गुरुवारी त्याची बायको ठाण्यात आली आणि ठाणे अंमलदाराने बेपत्ता म्हणून नोंद घेतली. शुक्रवारी सकाळी ओहोटीला खाडीचं पाणी मागे गेलं, तेव्हा जुन्या मिठागराच्या बांधाजवळ चिखलात तो सापडला. पायात बूट होते. डोळ्यांवर चष्मा नव्हता. शवविच्छेदनात मृत्यू बुडून झाल्याचं आलं. डोक्याला मागून मार होता, पण तो बांधाच्या दगडावर आपटूनही लागू शकतो, असं डॉक्टरांनी लिहिलं. आम्ही अकस्मात मृत्यू दाखल केला.

शनिवारी त्या कचेरीच्या मॅनेजरचा फोन आला. मालक फोर्टच्या कचेरीत बसत, वाशीचा सगळा कारभार या मॅनेजरच्या हाती होता. म्हणाला, "साहेब, त्याच्या मशीनवर काहीतरी सापडलंय. तुम्ही स्वतः येऊन बघा."

मी हवालदाराला घेऊन गेलो. तिसऱ्या मजल्यावरची जागा, आठ टेबलं, आठ संगणक. सगळ्यांना जोडणारी काळी वायर भिंतीच्या कडेने फिरवलेली. मयताच्या टेबलावरच्या पडद्यावर इंग्रजीतलं पाच ओळींचं पत्र होतं. मी जीव देत आहे, याला माझी पत्नी जबाबदार आहे, तिच्या छळाला कंटाळलो, मुलीला माझ्या आईच्या ताब्यात द्यावं, ऑफिसमधल्या कोणाचाही दोष नाही. पत्रापुढे तारीख आणि वेळ मशीननेच टाकलेली होती. म्हणजे बेपत्ता होण्याच्या दोन दिवस आधी, सोमवारी दुपारी ते लिहिलं होतं. मी दोन पंच बोलावले, पत्र छापून घेतलं, सह्या घेतल्या. मॅनेजरने जबाब दिला, "सोमवारी दुपारी मी सहज त्याच्या मागून गेलो, तर तो काहीतरी टाइप करत होता. मला बघून त्याने स्क्रीनवर हात धरला. डोळे लाल होते साहेब. मी तेव्हाच विचारायला हवं होतं." त्याचा आवाजही भरून आला. मी शब्द न शब्द उतरवून घेतला.

हे चाललं असताना कोपऱ्यातून एक आवाज येत होता. दोन बारीक, एक लांब. मग अर्धं मिनिट सगळं शांत, की पुन्हा तोच. कोपऱ्यात काचेचं एक कपाट होतं. त्यात मुख्य मशीन होतं, ज्यात सगळ्या कचेरीची माहिती साठायची. त्याच्या तोंडावर दसऱ्याच्या पूजेचं हळद-कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि कपाटाच्या कडीला त्या सकाळीच बांधलेलं ताजं लिंबू-मिरची. कपाटाजवळची दोन टेबलं लोकांनी ओढून लांब नेली होती.

"हा कसला आवाज?" मी विचारलं.

"यूपीएस हो साहेब. बॅटरी गेलीय," मॅनेजर म्हणाला.

मी मान हलवली. पंचनाम्यात मी टेबलं मोजून लिहिली, खिडक्या मोजून लिहिल्या. आवाज लिहिला नाही.

पत्र हाती आल्यावर प्रकरणाने वळण घेतलं. मयताचे आईवडील सातारा बाजूचे. ते आले आणि मुलाचे अंत्यसंस्कार उरकल्यावर सात वर्षांच्या नातीला गावी घेऊन गेले. जाताना सुनेविरुद्ध तक्रार देऊन गेले. वरिष्ठांनी कागद चाळले आणि म्हणाले, "चिठ्ठी आहे, तक्रार आहे, घरात भांडणं होती असं शेजारी सांगतात. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा नोंदव. तीनशे सहा. थांबलायस कशाला?"

बाईला मी ठाण्यात बोलावलं. सडपातळ, बोलताना समोरच्याकडे सरळ बघणारी. मी पत्राचा मजकूर मराठीत सांगितला. ती रडली नाही. म्हणाली, "साहेब, आमची भांडणं व्हायची. कुणाची होत नाहीत? पण त्यांनी मरताना इंग्रजीत का लिहिलं? दूधवाल्याला चिठ्ठीसुद्धा मराठीत लिहायचे ते."

"कंपनीच्या संगणकावर मराठी नाही," मी म्हणालो.

"कागद तर होता ना?"

 नोकरीत असं होतं की ज्याला उत्तर नसतं तो प्रश्न आपण बाजूला ठेवतो, आणि ज्याच्यावर शिक्का असतो तो कागद वर ठेवतो. मी तिला सांगितलं, पुढच्या सोमवारी सकाळी दहाला या, सोबत घरचं कोणीतरी आणा. याचा अर्थ तिला कळला. तिने एवढंच विचारलं, "मला आत टाकलंत तर माझी मुलगी परत कधी मिळेल?" मी म्हणालो, ते कोर्ट ठरवेल. अशा वेळी कोर्टाचं नाव फार सोयीचं असतं.

शुक्रवारी दुपारी ठाण्यात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, खाडीकाठच्या गावातली. त्या कचेरीत झाडू-लादी करायची. सगळे तिला मावशी म्हणत. हवालदार तिला दारातूनच वाटेला लावत होता.

"साहेब, मी आता त्या हापिसान जानार नाय," ती त्याच्या खांद्यावरून मला म्हणाली. "त्या कपाटान टिटवी हाय."

टिटवी घरावरून ओरडत गेली की कोणीतरी जातं, ही समजूत आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. माझी आईसुद्धा टिटवी ओरडली की चुलीत मीठ टाकायची. हवालदार साताऱ्याकडचा, थट्टेखोर गडी. म्हणाला, "आवं मावशी, खाडी हितं हाकेवर हाय. टिटव्या वरडायच्याच की. कपाटात कशाला शिरत्यात?"

"तुमाला मस्करी सुचते," ती म्हणाली. "मी माज्या कानांनी आयकली. मंगलवारचे सांजचे पयल्यांदा. मी लादी पुशीत व्हते. त्यो साहेब जित्ता व्हता तवा. त्यानंच कपाट उघरून बगितलं न मना बोलला, मावशी, घाबरू नको, उद्या मानूस बोलवतो. दुसरे दिशी त्योच गेला. तिनं बोलावला त्याला."

हवालदार हसला. मीही हसलो असतो, पण तिच्या बोलण्यातला एक शब्द अडकला. मंगळवार. मॅनेजर म्हणाला होता बॅटरी गेलीय. मग आठवडा उलटून गेला तरी बॅटरी बदलली का नाही? आणि ज्याने आदल्याच दिवशी जीव द्यायचं पत्र लिहून ठेवलं आहे, तो माणूस लादी पुसणाऱ्या बाईला "उद्या माणूस बोलवतो" असं का सांगेल?

शनिवारी बाराच्या सुमारास मी त्या कचेरीत गेलो. अर्धा दिवस होता, लोक लवकर सटकले होते. आठही पडदे चालू होते आणि खुर्च्यांवर कोणी नव्हतं. कपाटावर आता दोन लिंबू-मिरच्या लटकत होत्या. मी काच उघडली आणि मशीनजवळ कान नेला. आवाज यूपीएसचा नव्हता. यूपीएस खाली जमिनीवर गप्प होता. आवाज मशीनच्या पोटातून येत होता. मी बोटाने स्वस्तिकाचं कुंकू खरवडलं. त्याखाली एक बारीकसा नारिंगी दिवा पेटलेला होता. दसऱ्याला ज्याने श्रद्धेने स्वस्तिक काढलं, त्याने नेमका धोक्याचा दिवा बुजवला होता.

पुढ्यातल्या पडद्यावर कचेरीतल्या लोकांच्या नावांची यादी होती. त्यात मयताचंही नाव होतं. ते पुसायचं कोणाला सुचलं नव्हतं किंवा धाडस झालं नव्हतं. रिकाम्या खोलीत ते नाव वाचताना तो आवाज पुन्हा आला. मी भित्रा माणूस नाही. मिठागरातली प्रेतं मी स्वतःच्या हाताने उचलली आहेत. पण त्या क्षणी मला तिथून निघावंसं वाटलं, हे कबूल करतो.

मॅनेजर मागे येऊन उभा होता. "साहेब, स्टाफ घाबरतोय. सोमवारी दुकानाचा माणूस येतोय, आवाज कायमचा बंद करून टाकतो."

कपाटाच्या बाजूला संगणकाच्या दुकानाचं स्टिकर होतं. मी पत्ता वाचला आणि थेट तिथे गेलो. वाशीच्याच एका सेक्टरमध्ये जिन्याखालचा गाळा होता. दुकानदार तिशीचा, तोंडाने तोफखाना. मी कंपनीचं नाव काढताच सुरू झाला.

"साहेब, मी त्यांच्या मालकाला हात जोडून बोललो होतो, टेप ड्राइव्ह घ्या. रोज संध्याकाळी टेप काढा, एक इथे ठेवा, एक घरी न्या. नाय घेतली. बोलले महाग आहे. मग दोन डिस्क लावून दिल्या. एकीवर लिहिलं की दुसरीवर तेच उमटतं. याला मिरर बोलतात. आरसा. पण आरसा म्हणजे बॅकअप नाय ना! तुम्ही इकडे मिशी काढली की आरशातली पण जाते. ठेवून कोण देतं?"

"आणि तो आवाज?"

"आरसा तुटला की ओरडतो. म्हणजे दोनातली एक डिस्क बाजूला पडली. काम एकीवर चालू राहतं, दुसरी जिथल्या तिथे थांबते." त्याने तक्रारींची वही काढली. बुधवार, सकाळी दहा. मयताच्या नावाने फोन: मिरर तुटला, केबल बदलावी लागेल, माणूस पाठवा. "आमचा माणूस गुरुवारी गेला होता. मॅनेजरने दारातून परत पाठवला, बोलला आमचा संगणकवाला आला नाय, नंतर ये. आता काल स्वतःच फोन केला, आवाज बंद करा म्हणून."

"तुमचा माणूस सोमवारी जाऊन काय करणार?"

"केबल बदलणार. मग चालू डिस्कवरचं सगळं थांबलेल्या डिस्कवर चढवणार. तासाभरात दोन्ही सेम."

"आणि थांबलेल्या डिस्कवर जे होतं ते?"

"ते गेलं साहेब. त्याच्यावर नवीन आलं ना."

मी त्याला आणखी एक विचारलं. मशीन जी तारीख-वेळ टाकतं ती बदलता येते का? तो हसला. "भिंतीवरचं घड्याळ मागे करता येतं का? तसंच. मॅनेजरकडे पासवर्ड आहे."

 थांबलेली डिस्क म्हणजे त्या कचेरीची मंगळवार संध्याकाळ होती. पत्र खरंच सोमवारी लिहिलं असेल, तर ते त्या डिस्कवर असायलाच हवं. आणि नसेल तर? सोमवारी सकाळी दुकानाचा माणूस तिकडे जाणार होता, त्याच वेळी ती बाई इकडे माझ्यासमोर येणार होती.

त्याच दुपारी दुकानदार, दोन पंच, शिक्क्यासाठी लाख आणि कापड घेऊन मी कचेरीत परत गेलो. मॅनेजरने मालकाला फोन लावला, वकिलाचं नाव घेतलं, सगळं काम ठप्प होईल म्हणाला. मी म्हणालो, सोमवारी तुम्ही ते बंद करणारच होतात, आम्ही दोन दिवस आधी करतो. दुकानदाराने बटण दाबलं. मशीनची घरघर हळूहळू उतरली आणि दहा-बारा दिवस चाललेला तो आवाज थांबला. मावशी बातमी ऐकून आली होती, पण आत न येता दारातच उभी होती. तिने हात जोडून कपाळाला लावले. "सुटला बापडा," ती म्हणाली. हवालदार या वेळी हसला नाही.

रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून, पंचांसमक्ष लाखेचे शिक्के तोडले. दुकानदाराने थांबलेल्या डिस्कची आधी दुसऱ्या डिस्कवर नक्कल केली, मूळ डिस्क पुन्हा शिक्का मारून माझ्या ताब्यात दिली आणि नक्कल आपल्या मशीनला जोडली. अशा पुराव्याचं काय करायचं, हे तेव्हा आम्हाला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी मनाशी एवढंच धरलं की प्रेताला जसा पंचनाम्याआधी हात लावत नाही, तसंच याचंही करायचं.

पडदा उजळला. मंगळवार, संध्याकाळचे पाच चाळीस. त्यापुढे काही नाही. त्या डिस्कच्या लेखी बुधवार उजाडलाच नव्हता. कोण कोण कामावर आहे त्याच्या नोंदीत मयताचं नाव होतं, सकाळी साडेनऊला आलेला, अजून गेलेला नाही. त्याने शेवटचं उघडलेलं पत्र अर्धवट होतं. शनिवारी मुलीच्या शाळेत कार्यक्रम आहे, पती-पत्नी दोघांना जायचं आहे, सबब एक दिवसाची रजा मिळावी. त्याखाली नाव टाकायचं राहिलं होतं. शनिवारी तर त्याच्या नावाचं दुसरंच पत्र मी पंचांसमोर छापून घेत होतो. कोणीतरी समोर बसून लिहीत आहे आणि आपण त्याच्या खांद्यावरून वाचतो आहोत, असं मला वाटत राहिलं. एक पंच उठून बाहेर गेला, तो बराच वेळ आत आला नाही.

सोमवारच्या यादीत आत्महत्येचं पत्र नव्हतं. दुकानदाराने तीनदा शोधलं. उलट चालू डिस्कवर नसलेल्या तीन फायली इथे होत्या. एकाच कंटेनरची कागदपत्रं, मूळ मालाच्या नावासकट. चालू डिस्कवरच्या, बंदरावर सादर झालेल्या कागदांत माल वेगळाच होता.

हवालदाराने रास्त शंका काढली. "साहेब, त्यानंच बुधवारी घड्याळ मागं करून लिवलं असंल तर?"

"तर मग सोमवारी त्याला पत्र लिहिताना बघणारा मॅनेजर कुठल्या सोमवारी आला होता?" मी म्हणालो.

सोमवारी सकाळी मॅनेजरला बोलावलं, जबाबावर एक सही राहिली म्हणून. चहा दिला. आरोपीवर ओरडणारे अधिकारी मी पाहिले आहेत. माझा अनुभव असा की खोटं बोलणाऱ्याला निवांत बोलू द्यावं, तो स्वतःच खोलात जातो. मी म्हणालो, वरिष्ठांना जबाबात जरा तपशील हवाय. त्याने तपशील दिले. सोमवार, दुपारचे तीन. मयताच्या हातात रुमाल होता. पत्रातले दोन शब्द आपल्याला ओझरते दिसले होते, हेही आता त्याला आठवलं. मी सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि सही घेतली. मग सोमवारच्या यादीचा छापील कागद त्याच्यासमोर ठेवला.

"हे काय?"

"तुमच्या मशीनमधली दुसरी डिस्क. सोमवारी यात कुठलंच पत्र नाही. आणि त्या कंटेनरच्या तीन फायली मात्र आहेत."

त्याने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग पटकन म्हणाला, "शक्य नाही. दोन्हीकडून गेलं होतं."

"काय गेलं होतं?"

 आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला. त्याने पाणी मागितलं. ग्लास न पिताच खाली ठेवला.

दुपारपर्यंत सगळं बाहेर आलं. कागदपत्रं बदललेली मयताच्या लक्षात आली होती. त्याने मालकांना सांगतो म्हटलं. मॅनेजरने त्याला दोन दिवस विनवलं, ऐकेना तेव्हा बुधवारी चार वाजता "चल, कंटेनरच दाखवतो, मग तूच ठरव" असं म्हणून गाडीत घेतलं. मिठागराच्या बांधावर गाडी थांबवली. भरती चढत होती. पुढचं सांगताना तो सारखं म्हणत होता, मी फक्त ढकललं. गुरुवारी त्याने फायली पुसल्या, मशीनचं घड्याळ मागे केलं आणि पत्र लिहिलं. डबा खाताना मयताने घरची भांडणं मोकळेपणाने सांगितली होती, तीच याने पत्रात वापरली. आरसा आहे म्हणजे दोन्हीकडचं पुसलं, या हिशोबाने तो निर्धास्त होता. कपाटातला आवाज त्यालाही ऐकू येत होता. त्यालाही तो मेलेल्याचाच वाटत होता, म्हणून त्याला तो बंद करायची घाई झाली. जागा दाखवतो असं त्याने पंचांसमोर सांगितलं, त्याचा निवेदन पंचनामा करून त्याच संध्याकाळी आम्ही त्याच्यासोबत गेलो आणि त्याने दाखवलेल्या मिठागराच्या मोरीतून मयताची बॅग काढली. बॅगेत, बांधावरून उचलून कोंबलेला, मयताचा चष्मा होता. पुढे सत्र न्यायालयात त्याला शिक्षा झाली, ती मुख्यतः या बॅगेवर आणि त्याने सही केलेल्या सोमवारच्या जबाबावर.

चौकशी आटोपून मी बाहेर आलो तेव्हा दोन वाजले होते. बाकावर ती बाई बसली होती. सोबत भाऊ आणि मांडीवर कपड्यांची पिशवी. मी तिला सोमवारी दहाला ये म्हटलं होतं आणि येऊ नको हे कळवायला विसरलो होतो. चार तास ती अटकेची वाट बघत बसली होती. मला माझीच लाज वाटली. मी तिला सगळं सांगितलं, रजेचा अर्धवट अर्जही सांगितला. त्या अर्जापाशी तिला रडू फुटलं. बराच वेळ रडून झाल्यावर म्हणाली, "साहेब, हे माझ्या सासूला मी सांगितलं तर त्यांना पटायचं नाही. तुम्ही सांगाल?"

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक सामानाची: माहितीची जुळी प्रत म्हणजे सांभाळून ठेवलेली प्रत नव्हे. जी प्रत मागे राहते, जिला आजची खबर नसते, तीच उद्या कामाला येते. दुसरी माणसांची, आणि ती जास्त महाग पडली. हाताने लिहिलेली चिठ्ठी आली की आम्ही अक्षर बघायचो, शाई बघायचो, दहा शंका काढायचो. हे पत्र स्वच्छ छापून आलं, वर वेळ टाकून आलं, म्हणून मी एकही शंका काढली नाही. जी शंका काढायची ती त्या बाईवर काढली. शिकलेल्या माणसाचा जबाब मी सही-शिक्क्यानिशी घेतला, आणि लादी पुसणारीचं बोलणं भुताखेतांच्या खात्यात टाकणार होतो. खरी तारीख सांगणारी साक्षीदार तीच एकटी होती.

त्याच आठवड्यात वरिष्ठांची परवानगी काढून मी सातारा बाजूच्या त्या गावी गेलो. हवालदार सोबत होता. बाई जीपमध्येच बसली, दारात पाऊल टाकू नको असं सासूने तिला बजावलं होतं. ओट्यावर सासरे आणि भावकीतली पाच-सहा माणसं होती. म्हातारी उंबऱ्याशी बसली होती आणि नात तिच्या पाठीला चिकटून उभी होती.

मी उभ्यानेच सांगितलं. "ते पत्र तुमच्या मुलाने लिहिलेलं नाही. त्याने जीव दिला नाही, त्याला मारलं. मारणाऱ्याने ते पत्र लिहिलं. तुमच्या सुनेचा यात काही दोष नाही."

म्हातारीने पदर डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "सायेब, आमाला कुठं विंग्रजी येतंय? ते पत्र त्या दिशी ठाण्यात तुमीच वाचून दावलं की. बायकूनं मारलं, आसं तुमच्याच तोंडानं आयकलं आमी."

भावकीतली माणसं खाली बघू लागली. हवालदार मधेच काहीतरी बोलायला लागला, मी त्याला थांबवलं.

"हो," मी म्हणालो. "मीच वाचलं. आणि खरं धरूनच वाचलं. माझी चूक झाली."

सगळ्या नोकरीत अंगावर वर्दी असताना हे वाक्य मी तेवढं एकदाच बोललो.  भिंतीला हात लावून म्हातारी उठली, नातीचं मनगट धरलं आणि पायात काही न घालता तापल्या वाटेने जीपपर्यंत चालत गेली. सून खाली उतरून उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या आणि मधे ती पोर कुणाकडे जाऊ म्हणून थांबली होती. मग म्हातारीने मनगट सोडलं.

"घरात चल," ती सुनेला म्हणाली. "उनात का हुबी ऱ्हायलीस?"